औद्योगिकीकरणाचे फायदे-तोटे : यादी नको, हिशेब हवा (चर्चेचा धागा; मजकुरावर सुटी आलेली नावं लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

पायवाट

वादविवादासाठी विषय आलाय : 'औद्योगिकीकरणाने समाजाचं भलं झालं की वाटोळं?' नेहमीची यादी तोंडपाठ आहे. एका रकान्यात वाढलेलं उत्पादन, स्वस्त वस्तू, रोजगार, वाहतूक. दुसऱ्यात धूर, बकाल वस्त्या, बालमजुरी, बुडालेले कारागीर. दोन्ही रकाने सारख्या उंचीचे करायचे आणि 'समतोल राखायला हवा' म्हणून खाली बसायचं, याचा आता कंटाळा आला आहे.

तीन गोष्टींची ठोस माहिती हवी आहे. यंत्रं आल्यावर कामगाराच्या हातात खरंच जास्त पैसे पडले का, आणि पडले तर किती वर्षांनी? प्रदूषण ही प्रगतीची अटळ किंमत आहे असं म्हणतात, ते तांत्रिकदृष्ट्या कितपत खरं? आणि कारखान्यातले अपघात नि आजार हे यंत्राचे दोष की ते चालवून घेणाऱ्यांचे? सालं, आकडे, प्रक्रिया असं काही असेल तर द्या. मतं माझ्याकडे भरपूर आहेत.

धोटा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. पैसे पडले, पण पहिल्या पिढीच्या हातात जेमतेम. खरी वाढ नातवंडांच्या वाट्याला आली.

ब्रिटनमधलं सूत घ्या, कारण तिथल्या नोंदी भरपूर आहेत. शंभर पौंड कापसाचं सूत काढायला भारतातल्या हातकाताईला सुमारे ५०,००० तास लागत, असा अंदाज आहे. १७८० च्या सुमारास क्रॉम्प्टनच्या म्यूल यंत्रावर हेच काम २,००० तासांवर आलं, १७९५ च्या आसपास बाहेरच्या शक्तीवर चालणाऱ्या म्यूलवर ३०० वर आणि १८२५ च्या सुमारास रॉबर्ट्सच्या स्वयंचलित म्यूलवर १३५ वर. 'वस्तू स्वस्त झाल्या' असं आपण सहज म्हणून जातो, त्याच्या पोटात हे आकडे आहेत.

आता विणकराकडे बघा. काताई आधी यंत्रावर गेली, विणाई बरीच नंतर. मधल्या काळात बाजारात स्वस्त सुताचे ढीग आणि ते विणायला हात अपुरे, अशी अवस्था. हातमागवाल्यांची चलती झाली. कार्टराइटने यंत्रमाग १७८५ मध्येच बनवला होता, पण तो परवडेना. मुख्य अडचण खळीची होती : ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) खळ लावायला माग सारखा थांबवावा लागे, मग वाफेचा उपयोग काय? ताण्याला आधीच खळ लावून तो सुकवून देणारं यंत्र १८०३ च्या आसपास आलं, आणि भरवशाचा लोखंडी यंत्रमाग १८२२ मध्ये. १८२० च्या दशकात ब्रिटनमध्ये सुती हातमागावर सुमारे अडीच लाख विणकर होते. १८६० पर्यंत तो धंदा जवळजवळ संपला. यांत्रिकीकरणाच्या पहिल्या टप्प्याने त्यांना सुगी दाखवली, दुसऱ्याने मागासकट उठवलं. त्यामुळे 'यंत्राने काम दिलं की काढून घेतलं' हा प्रश्न साल आणि हुद्दा न सांगता कोणी विचारला, तर त्याला आधी तेच विचारा.

मजुरीचं म्हणाल तर अर्थेतिहासकार रॉबर्ट ॲलन यांच्या हिशेबाने १७८० ते १८४० मध्ये दर कामगारामागे उत्पादन ४६ टक्के वाढलं आणि खरी मजुरी (म्हणजे महागाई वजा करून) १२ टक्के. १८४० ते १९०० मध्ये पारडं फिरलं : उत्पादन ९० टक्के, मजुरी १२३ टक्के. पहिल्या साठ वर्षांतली तफावत नफ्यात गेली आणि नफ्यातला मोठा भाग पुन्हा यंत्रांत. मजुरी दबून राहायला इतरही हातभार होते. कामगारांनी एकत्र येण्यावर १७९९-१८०० च्या कायद्यांनी बंदी होती, ती १८२४ मध्ये उठली. धान्याच्या आयातीवर १८१५ ते १८४६ निर्बंध होते, म्हणजे मजुरी वाढली तरी ती पोटातच जायची. शेत आणि माग सोडून आलेल्यांची रांग कारखान्याच्या दाराशी होतीच.

एक नोंद या हिशेबात येतच नाही. हा सगळा कापूस यायचा कुठून? १८५० च्या दशकात बहुतेक अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मळ्यांतून. सरकी काढायचं व्हिटनीचं यंत्र १७९३ चं. सरकी काढण्याचं काम झटपट झालं, पण कापूस वेचायला हातच लागत राहिले, आणि ते हात गुलामांचे होते. अमेरिकेत १७९० मध्ये सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. गिरणीचा जमाखर्च गिरणीच्या फाटकाशी थांबवला, तर ही ओळ कुठेच दिसत नाही.

आरोग्यासाठी ब्रिटिश समाजसुधारक एडविन चॅडविकचा १८४२ चा अहवाल वापरता येईल : मँचेस्टरमधल्या मजूर कुटुंबांत मृत्यूचं सरासरी वय १७, आणि रटलंड या ग्रामीण परगण्यातल्या मजुरांत ३८.

उलटतपासणी

धोटा यांच्याशी बाकी सहमत, पण शेवटचा आकडा व्यासपीठावर काढू नका. समोरचा जाणकार निघाला तर तोंडघशी पडाल. मृत्यूचं सरासरी वय आणि आयुर्मान या वेगळ्या गोष्टी आहेत. दहांपैकी पाच जण पहिल्या वर्षीच गेले आणि पाच पन्नासाव्या वर्षी, तर सरासरी येते साडेपंचवीस. त्या वयात मेलेला एकही माणूस नाही. दुसरी खोच अशी की, मँचेस्टरसारख्या शहरात तरुणांचा आणि त्यांच्या लहान मुलांचा भरणा असतो, म्हातारे थोडे. मरायला म्हातारेच कमी म्हटल्यावर मृत्यूचं सरासरी वय आपोआप खाली येतं. शहर जास्त जीवघेणं होतं हे खरंच, पण किती, ते या आकड्यावरून कळत नाही.

बालमृत्यूचा दर घ्या. इंग्लंडमध्ये १८५० ते १९०० मध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे १५० बाळं वर्षाच्या आत दगावत होती, आणि हा आकडा अर्धं शतक जवळपास हलला नाही. घसरण लागली १९०० नंतर. आता हे वरच्या मजुरीच्या आकड्याशेजारी ठेवा : १८४० नंतर खिशात पैसे येऊ लागले, बाळं मात्र मरतच राहिली. कारण स्वच्छ पाणी आणि गटार एकेका कुटुंबाला मजुरीतून विकत घेता येत नाही. ते अख्ख्या शहराने एकदम करावं लागतं. लंडनमध्ये १८५४ च्या पटकीत (कॉलऱ्यात) डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं, १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सची दुर्गंधी संसदेत शिरली, तेव्हा कुठे भूमिगत गटारांना पैसे मंजूर झाले. १८६६ च्या पटकीचा जोर शहराच्या पूर्व भागात राहिला, जिथे नवी वाहिनी अजून जोडलेली नव्हती. इतका स्वच्छ पुरावा इतिहासात क्वचित मिळतो.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐका, कारण हा धागा एकाच अंगाला कलतोय. कारखान्याआधी मुलं अंगणात खेळत होती हा भ्रम आहे. घरोघरी चालणाऱ्या काताई-विणाईत पाच-सहा वर्षांची पोरं कापूस पिंजत, कांड्या भरत. कारखान्याने त्यात भोंगा आणला, ठरलेले तास आणले, अनोळखी मुकादम आणला. आणि गंमत अशी की, त्यामुळेच बालमजुरी मोजता आली. घरात कायदा शिरत नव्हता, गिरणीत शिरला.

फायद्यांत माझं मत खताला. हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन लोखंडी उत्प्रेरकावर साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सियस आणि १५० ते २५० पट वातावरणीय दाबाखाली एकत्र आणले की अमोनिया मिळतो. जर्मनीत ओपाऊ इथे १९१३ मध्ये हा कारखाना सुरू झाला. आज जगातली जवळपास निम्मी माणसं या नायट्रोजनावर पिकलेल्या अन्नावर जगतात. इतका दाब सोसणारं पोलादी भांडं, कॉम्प्रेसर आणि रात्रंदिवस ऊर्जा यांतलं काहीही कुटीरोद्योगात होत नाही. जे 'मागे फिरा' म्हणतात, त्यांनी या निम्म्या ताटांचं काय करायचं तेही सांगावं. (याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात स्फोटकं झाली. तो वेगळा धागा.)

गाळउपसा

दुसरा प्रश्न माझा. प्रदूषणाचे दोन ढीग करा, नाहीतर चर्चा गोल फिरत राहते.

पहिला ढीग : प्रक्रियेच्या रसायनातच असलेलं. सिमेंटचं उदाहरण सोपं आहे. चुनखडी भाजली की १०० किलोतून ५६ किलो चुना आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. क्लिंकरमध्ये (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होतं) साधारण ६५ टक्के चुना असतो, म्हणजे एक टन क्लिंकरमागे अर्धा टन वायू केवळ दगडातून येतो. भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवायचं इंधन वेगळं. भट्टी कितीही चांगली ठेवली तरी हा अर्धा टन जात नाही. क्लिंकरचं प्रमाण कमी करा (राख, भट्टीची मळी मिसळून) किंवा वायू पकडा, एवढंच हातात उरतं. झोतभट्टीतल्या लोखंडाचंही तेच : एक टन पोलादाला अंदाजे १.४ टन खनिज, ०.८ टन कोळसा, ०.३ टन चुनखडी आणि बाहेर पडतो सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड. हवेत औद्योगिक काळाआधी दर दशलक्षात २८० भाग होते, आता ४२० च्या वर. ही खरी 'किंमत'.

दुसरा ढीग : टाळता येणारं, पण टाळायला खर्च येतो म्हणून दुसऱ्याच्या दारात टाकलेलं. नद्या नासतात त्या बहुतांशी यामुळे. विजेने मुलामा देणाऱ्या कारखान्याचं पाणी घ्या. त्यातलं क्रोमियम सहा संयुजेचं, म्हणजे विषारी आणि पाण्यात विरघळलेलं. आम्ल टाकून सामू (pH) २ ते ३ वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट सोडायचं, पिवळा रंग जाऊन हिरवट झाला की ते तीन संयुजेचं झालं. मग चुन्याने सामू ८.५ ते ९ वर नेला की साका खाली बसतो, तो गाळून, दाबून, सुरक्षित भरावात. याला शंभर वर्षांपूर्वीचंही ज्ञान पुरतं.

मग बिघडतं कुठे?

सगळे प्रवाह एका नाल्यात मिसळतात, इथून सुरुवात. क्रोमियमच्या पाण्याला आम्ल लागतं, सायनाइडच्या पाण्याला उलट सामू १० च्या वर ठेवून क्लोरीन द्यावा लागतो. ही दोन पाणी प्रक्रियेआधी एकत्र आली तर हायड्रोजन सायनाइड वायू निघतो आणि तिथला माणूस मरतो. प्रवाह वेगळे ठेवणं हे निम्मं शुद्धीकरण आहे, आणि कारखान्याची फरशी घालतानाच ते ठरतं.

समीकरण टाकी (येणारं पाणी साठवून एकजीव करणारी) लहान बांधतात. कारखाना दुपारी एकदम आम्लाचा हौद रिकामा करतो. टाकीत आठ-दहा तासांचं पाणी साठून एकजीव होत नसेल तर तो सगळा झटका पुढच्या टाकीत घाण खाणाऱ्या जिवाणूंवर आदळतो.

वातन टाकीतला (जिथे या जिवाणूंना हवा देतात) पंखा रात्री बंद करतात, हा सगळ्यात मोठा रोग. जिवाणूंना पाण्यात लिटरला साधारण २ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो आणि शुद्धीकरणाच्या विजेतला मोठा वाटा हवा फुंकणारे ब्लोअर खातात, म्हणून बचत तिथेच सुचते. दोन-चार रात्रींत तंतुमय जिवाणू माजतात, गाळ बसेनासा होतो आणि स्वच्छ पाण्याबरोबर बाहेर वाहतो. परीक्षा अगदी स्वस्त आहे : टाकीतलं एक लिटर पाणी मोजपात्रात घेऊन ३० मिनिटं ठेवा. गाळ २०० ते ३०० मिलिलिटरवर बसला तर ठीक. ५०० च्या वर राहिला तर गाळ फुगलाय किंवा टाकीत फार साठलाय.

आणि प्रकल्प खरोखर चालतो का हे पाहायला प्रयोगशाळासुद्धा लागत नाही. १५ किलोवॉटचा ब्लोअर चोवीस तास पूर्ण भारावर चालला तर ३६० युनिट जळतात. मीटर दिवसाला ९० दाखवत असेल, तर अहवालात काहीही लिहिलेलं असो. तसंच गाळाचं. पाणी शुद्ध झालं आणि गाळ शून्य, असं होत नाही. घाण कुठेतरी गेली पाहिजे.

नियमातली एक फट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. मर्यादा मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी असली, तर प्रक्रिया करण्यापेक्षा पाणी ओतणं सोपं. रोजचं १०० घनमीटर पाणी, त्यात जैविक प्राणवायू मागणी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप) लिटरला ३०० मिलिग्रॅम : भार ३० किलो. त्यात ९०० घनमीटर चांगलं पाणी मिसळलं की आकडा ३० मिलिग्रॅम, कागदावर उत्तीर्ण. नदीत गेले तेच ३० किलो, वर ९०० घनमीटर चांगलं पाणी वाया. म्हणून परवान्यात दिवसाला किती किलो, हे लिहिलेलं असावं लागतं.

विरळ करून विष संपत नाही याचा धडा मिनामाटाने दिला. जपानमधल्या तिथल्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचा उत्प्रेरक होता. त्यातून तयार झालेला मिथाइल पारा १९३२ ते १९६८ खाडीत सोडला गेला. समुद्र मोठा, म्हणून कोणी काळजी केली नाही. पण तो प्लवकांतून माशांत, माशांतून माणसांत साठत वर चढला. आजार अधिकृतपणे नोंदला गेला १९५६ मध्ये, सरकारने कारण मान्य केलं १९६८ मध्ये. मधल्या बारा वर्षांना 'विकासाची किंमत' म्हणणाऱ्याने ती कोणी ठरवली आणि कोणी भरली, तेही सांगावं.

तिसरी पाळी

तिसऱ्या प्रश्नावर. यंत्राला दोष देता येतो, पण तो दुरुस्त करण्याचा क्रम ठाऊक असतो आणि बहुतेक ठिकाणी तो उलटा लावला जातो. आधी धोकाच काढून टाका. जमत नसेल तर पदार्थ बदला. मग यंत्राला आवरण, धुळीला शोषण. मग कामाचे तास आणि पद्धत. सगळ्यात शेवटी मास्क आणि हातमोजे. प्रत्यक्षात मास्कपासून सुरुवात होते, कारण तो स्वस्त पडतो आणि फोटोत दिसतो.

पदार्थ बदलल्याचं उदाहरण म्हणजे काडेपेटी. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांच्या जबड्याचं हाड सडत असे. लाल फॉस्फरस तेव्हा उपलब्ध होता, तरी पांढरा चालू राहिला. १९०६ च्या बर्न करारानंतर देशोदेशी त्यावर बंदी आली. मास्कने तो आजार कधीच थांबला नसता.

धुळीचं शोषण लावतात तेही चुकीच्या जागी. शोषणनळीच्या तोंडापासून नळीच्या व्यासाइतकं लांब गेलं की हवेचा वेग तोंडाजवळच्या सुमारे दहा टक्क्यांवर येतो. २० सेंटिमीटरची नळी दगड घासणाऱ्या चाकापासून हातभर दूर असेल, तर पंखा फक्त आवाज करतो आणि सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाते. नळी जवळ आणा, धूळ पाण्याने बसवा. मोठा पंखा नंतर.

आवाजाचं गणित लोकांना फसवतं. आठ तासांना ८५ डेसिबल ही मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. शंभर डेसिबलच्या मागखात्यात पाळीचा कोटा पहिल्या चहाच्या आत संपतो. बहिरेपण मात्र काही वर्षांनी कळतं, तोवर कारखाना बदललेला असतो.

कायद्याबद्दल एकच : ब्रिटनमध्ये १८०२ आणि १८१९ चे कायदे होते, अंमल शून्य, तपासणी स्थानिक दंडाधिकाऱ्यांवर सोडलेली, त्यांची ऊठबस मालकांबरोबर. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, तेरा वर्षांपर्यंत आठवड्याला ४८ तास आणि दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास ठरवले, आणि पगारी निरीक्षक नेमले. अख्ख्या देशाला चार! तरी फरक पडला. पळवाट वयात होती : जन्मनोंदणी नव्हती, डॉक्टर मुलाकडे बघून वय लिहून देत. इंग्लंडमध्ये नागरी जन्मनोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ती फट हळूहळू बुजली. बालमजुरी हटवण्यात त्या नोंदवहीचा वाटा भाषणांहून जास्त असावा, असं माझं मत.

मोठ्या दुर्घटनेत एकच गोष्ट तुटते असं सहसा होत नाही. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद होती, वायू धुऊन काढणारा स्क्रबर राखीव अवस्थेत, आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली. तीन कवचं होती आणि तिन्ही कागदावरच. शिवाय इतका साठा एकत्र ठेवायची गरज होती का, हा माझ्या यादीतला पहिला प्रश्न तिथे कोणी विचारलाच नाही.

पायवाट

हे सोनं आहे, आभार. एक शेवटचं. आज उशिरा औद्योगिक होणाऱ्या देशाला ती साठ वर्षं पुन्हा काढावीच लागतात का?

धोटा

आरोग्यापुरतं, नाही. लस, क्लोरीन, गटार यांचं ज्ञान कारखान्याच्या आधी पोचतं, त्यामुळे मजुरी वाढण्याची वाट न पाहता बालमृत्यू घटतात. रोजगारापुरतं मात्र उशिरा येणारे तोट्यात आहेत. ब्रिटन-जर्मनीत कारखान्यांनी जितका मोठा हिस्सा सामावून घेतला, तितका आता घेत नाहीत. कारखान्यातल्या नोकऱ्यांचा कळस आधीच्या मानाने कमी उत्पन्नावर आणि कमी उंचीवर येऊन उतार लागतो. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी हे मांडलं आहे. शेतातून निघालेला माणूस मग कारखान्यात न जाता फुटकळ सेवाधंद्यात अडकतो.

गाळउपसा

प्रदूषणापुरतं एकच सांगतो : भूखंड वाटायच्या आधी नळ टाका. आम्लाचं, सायनाइडचं, सेंद्रिय आणि पावसाचं पाणी अशा चार वेगळ्या वाहिन्या, प्रत्येक कारखान्याच्या कुंपणाबाहेर नमुना घ्यायची विहीर, आणि तिला कुलूप असेल तर किल्ली निरीक्षकाकडे. नंतर करू म्हटलं की फरशीखाली सगळे नळ एकमेकांत मिसळलेले निघतात, नकाशा कोणाकडे नसतो, आणि उत्पादन थांबवून फरशी फोडायला कोणी तयार होत नाही.